सोळावी बाब

“खरात मॅडम, पंधरा लाख कापायचेत. तीन वाजायच्या आत,” असं म्हणत सोनटक्के साहेबांनी बागेची फाइल माझ्या टेबलावर ठेवली, तेव्हा सव्वादहा वाजले होते आणि माझा चहा अजून बशीतच होता.

सोनटक्के साहेब म्हणजे आमच्या नगरपरिषदेचे मुख्याधिकारी. दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलणारा माणूस. मी तिथं कनिष्ठ अभियंता, नोकरीला दीड वर्ष झालेलं, अजून कायम व्हायची होते. गावाचं नाव सांगत नाही. त्यातली बरीच माणसं अजून हिंडती-फिरती आहेत, आणि मला दर उन्हाळ्यात तिथं जावंच लागतं. साल दोन हजार तीन, मार्चची एकोणतीस तारीख, शनिवार.

बागेसाठी आम्ही एकेचाळीस लाख मागितले होते, मंजूर झाले सव्वीस. सुधारित अंदाजपत्रक त्या दिवशी तीनच्या सभेत पास होऊन सोमवारी, म्हणजे मार्चअखेरीला, जिल्ह्याला पोहोचलं नाही तर सव्वीसही परत जाणार होते. सगळा खेळ पावणेपाच तासांचा. घाबरायला हवं होतं, पण खरं सांगते, मला नुसतं स्फुरण चढलं होतं. त्या गावाला तोवर बाग म्हणून नव्हतीच. पोरं एसटी स्टँडच्या कठड्यावरून घसरायची आणि बापाचा मार खायची. गटारी आणि मुताऱ्या बांधून मी विटले होते. बाग हे माझं पहिलं देखणं काम होतं.

जागा होती बंद पडलेल्या जिनिंगची. पूर्वी तिथं कापूस पसरायचे, म्हणून मधोमध काळ्या फरशीचं हे भलंमोठं पटांगण. भोवतीची भिंत कधीच ढासळलेली. जिनिंग बंद पडल्यापासून त्या फरशीवर गावातल्या बावीस बाया उन्हाळाभर वाळवण घालायच्या. पापड, कुरडया, शेवया, सांडगे. अर्ध्या गावाची वर्षाची बेगमी त्यांच्याकडून व्हायची आणि त्या कमाईवर त्यांची घरं चालायची. त्यांची म्होरकी गयाआक्का शेळके. साठीची, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की फरशीच्या या टोकावरून त्या टोकाच्या बाईला दम भरायची.

आदल्या सभेत नगराध्यक्ष भुजंगराव ढाकणे यांनी बागेची वेळ ठरवून टाकली होती. सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी पाच ते आठ. मधल्या वेळात कुलूप. नुसतं बोलून थांबले नाहीत. सात खटक्यांचं, सव्वा किलोचं पितळी कुलूप स्वतः जाऊन आणलं आणि टेबलावर ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते उचलून बघायला लावायचे. बागेची वीट बसायची होती, कुलूप मात्र तयार.

ते कळल्यावर गयाआक्का माझ्याकडे आली होती. रडली नाही, भांडली नाही. टेबलासमोर उभी राहून म्हणाली, “बाई, सकाळचं ऊन आम्हाला नगं. संध्याकाळचं बी नगं. आमचं ऊन दुपारचं. तेवढं कुलपात घालू नका.”

मी अध्यक्षांकडे गेले. कुरडईला दोन कडक उन्हं सलग लागतात, एक हुकलं तर आंबते, गल्लीबोळात तिमजली दुकानं उभी राहिल्यापासून ऊन कुठं पडतंच नाही, साठीच्या बाया पत्र्यावर कशा चढतील, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, आपण बाग काढतोय का पापडाचा कारखाना?” भोवतीचे चौघे हसले. मी कान पाडून परत आले. कायम व्हायचं राहिलेल्या माणसाला कान फार लवकर पाडता येतात. पण ते दुपारचं ऊन माझ्या डोक्यातून काही जाईना.

तर त्या शनिवारी मी पेन्सिल घेऊन बसले. पहिल्यांदा कारंजं उडवलं. साडेचार लाख. गावाला चार दिवसांआड पाणी, आणि कारंजं कसलं करता? मग सिमेंटचा जिराफ, दोन हरणं आणि एक मोर. एक लाख तीस. त्या जिराफासाठी माझा जीव थोडा हळहळला, कारण त्याचं चित्र मीच काढलं होतं. मग रंगीत दिवे, एक लाख चाळीस. आणि मग मोठा घास: फरशी उखडून तिथं हिरवळ लावायची, पाच लाख वीस. फरशी उखडायची नाही असं मी ठसठशीत अक्षरात लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. माझ्या मनातलं निम्मं काम झालं होतं, आक्काची फरशी वाचली होती. मी जागेवरच अशी काही हसले की शेजारच्या टेबलावरचे आवक-जावकवाले मान वर करून बघू लागले.

बारा लाख चाळीस हजार गेले. राहिले दोन लाख साठ. आणि कापण्यासारख्या बाबी उरल्या तीन. झोपाळे-घसरगुंडी, बायकांचं स्वच्छतागृह, आणि सोळा नंबरची स्वागत कमान.

कमानीची बाब म्हणजे काय होती ते सांगायला हवं. भुजंगरावांना कमानीवर त्यांच्या वडिलांचं नाव हवं होतं, कारण त्यांनी गावात नळ आणला. उपाध्यक्ष माणिकराव पवळे यांना त्यांच्या वडिलांचं हवं होतं, कारण जिनिंगची जागा गावाला मिळावी म्हणून ते सात दिवस उपोषणाला बसले होते. दोघे एकाच पक्षाचे, एकाच पंगतीला जेवायचे आणि एकमेकांच्या पानात वाढून द्यायचे. पण कमान म्हटली की दोघांची तोंडं दोन दिशांना.

साडेअकराला भुजंगरावांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कुलूप हातात खेळवत म्हणाले की काय कापायचं ते कापा, कमानीला हात लावू नका, वडलांचं नाव लागायचंय. पावणेबाराला माणिकराव स्वतः माझ्या टेबलाशी आले, इकडं-तिकडं बघून खुर्ची ओढली आणि म्हणाले की कमान राहू द्या, पण त्या नळवाल्याचं नाव लागणार असेल तर कमानच नको, माझी सात मतं विरोधात. मी दोघांनाही मान डोलावली. आमच्या नोकरीत मान डोलावणं हीच निम्मी कामगिरी.

बाराला मी लुनाला किक मारली आणि जिनिंगवर गेले. भिंतीचं माप पुन्हा घ्यायचं होतं, असं मी सोनटक्के साहेबांना सांगितलं. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. फरशीवर मात्र सणासारखी गडबड. एकीकडे चुलीवर गव्हाचा चीक रटरटतोय, दोघीजणी लाकडी दांड्यानं तो घोटतायत, चौघी सोऱ्यानं कुरडया घालतायत, धुतलेल्या साड्या ओळीनं पसरलेल्या आणि त्यांवर पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या रांगा. वारा सुटला की साड्यांची टोकं उडायची आणि बाया दगड घेऊन धावायच्या.

गयाआक्कानं मला चुलीजवळ बसवलं. वाटीत गरम चीक, वर तेल, मीठ. नको म्हणायची सोय नव्हती. मी खाता खाता सांगितलं की फरशी राहतेय, हिरवळ कापली. बायांच्या तोंडावर अशी काही कळा आली म्हणता! एकीनं तर तिथल्या तिथं माझी दृष्ट काढली.

आक्का तेवढी शांत होती. तिनं विचारलं, “आन् कुलूप?”

“कुलपाचा ठराव झालाय, आक्का. तो माझ्या हातात नाही.”

“मग फरशी राहून तरी काय उपेग? नुसती भाईरून बघायची का?”

मी वाटी खाली ठेवली. तिनं माझ्या पाठीवर चिकानं बरबटलेला हात ठेवला आणि म्हणाली की खा, तुझा काय दोष, कढत आहे तवर पोटात उतरतंय. मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. मी वाटी पुसून खाल्ली, जिथं भिंतीचं तोंड यायचं होतं ती बारा फुटांची जागा टेपनं मोजली आणि परत फिरले.

ऑफिसात येऊन दाराला कडी घातली आणि अंदाजपत्रक नव्यानं लिहून काढलं. आकडे बदलले होते, म्हणजे पहिल्या पानापासून लिहिणं आलंच. पावणेतीनला फाइल सोनटक्के साहेबांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा वर केला, एकेका बाबीवर पेन्सिलीनं बारीक टिंब देत खाली आले. सोळाव्या बाबीपाशी पेन्सिल थांबली. भिंतीवरच्या पंख्याचा खडखडाट मला मोठा मोठा ऐकू येऊ लागला. मग त्यांनी तिथंही टिंब दिलं आणि सही केली.

तीनच्या सभेला सगळे हजर. माझ्या कामांची छाटणी मी भराभर वाचून दाखवली. कारंज्याला कुणी रडलं नाही. जिराफाला एका सदस्यानं उगाच विरोध केला, मग सोडून दिला. हिरवळीचं म्हणाल तर अध्यक्षांनी एकदा “फरशीचीच बाग?” एवढं विचारलं, मी म्हटलं पाणी नाही, हिरवळ जूनपर्यंत पिवळी होईल आणि लोक आपल्याला हसतील. हसतील म्हटल्यावर ते लगेच पुढच्या बाबीवर गेले.

उरले दोन साठ. कुणीतरी झोपाळ्यांचं नाव काढलं. तेव्हा बायकांच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या एक सदस्यबाई, ज्या एरवी सभेत तोंड उघडत नसत, त्या म्हणाल्या की झोपाळे नसतील तर मग त्याला बाग कशाला म्हणता, आणि स्वच्छतागृह कापाल तर मी इथंच बसते. त्यावर कुणाची बोलायची छाती झाली नाही. म्हणजे गाडी आली सोळा नंबरवर.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. माणिकराव उठले, म्हणाले की कमान ठेवायची तर नाव आत्ता ठरवा. भुजंगराव म्हणाले, ठरलेलंच आहे. माणिकराव म्हणाले, कुठल्या सभेत ठरलं? मग नळ निघाला, उपोषण निघालं, उपोषणात रात्री कुणी केळी खाल्ली तेही निघालं. पाऊण तास नुसता कल्लोळ. घड्याळात सव्वाचार झाले. पाचला सभेचा वेळ संपत होता, आणि त्याबरोबर बागही.

साडेचारला भुजंगरावांनी टेबलावर ते कुलूप आपटलं. “माझ्या वडलांचं नाही, तर कुणाच्याच वडलांचं नाही,” ते म्हणाले. “कमान रद्द.”

माणिकराव तत्काळ म्हणाले, “रद्द. माझं अनुमोदन.” त्या दोघांचं वर्षभरात पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं होतं.

मी उठून उभी राहिले. “साहेब, सोळावी बाब पूर्ण रद्द धरायची का? ठरावात तसं लिहावं लागेल.”

“पूर्ण म्हणजे पूर्ण. त्यातली एक वीट ठेवू नका.”

सोनटक्के साहेबांनी इतिवृत्तात लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं: “सोळावी बाब, त्यातील सर्व कामांसह, एकमतानं रद्द.” सगळ्यांनी सह्या केल्या. अंदाजपत्रक सव्वीस लाखांच्या वीस हजार खाली उतरलं होतं. मी फाइल छातीशी धरून जिन्यावरून उतरले, आणि शेवटच्या तीन पायऱ्या चक्क उडी मारून. सव्वीस वर्षांची होते, शोभून गेलं.

सोमवारी मंजुरी आली, अक्षय तृतीयेला नारळ फुटला, दिवाळीपर्यंत भिंत झाली. झोपाळे आले, कडुनिंब लागले, फरशी घासून धुऊन काढली तर आत्ता बसवल्यासारखी काळीशार. आणि एक दिवस गवंडी ऑफिसात येऊन विचारता झाला की मॅडम, भिंतीत बारा फूट जागा मोकळी सोडलीय, फाटक कधी येणार?

फाइल उघडली गेली. भिंतीच्या बाबीत नुसती भिंत होती. फाटक होतं सोळाव्या बाबीत: ‘स्वागत कमान, खांब व लोखंडी फाटकासह’. आणि ती तर त्यातली एक वीटही न ठेवता रद्द झालेली.

भुजंगराव कडाडले. मला कारणे दाखवा नोटीस निघाली. फाटकाचा विषय पुढच्या सभेत आला, तर माणिकराव म्हणाले की फाटक हा कमानीचा भाग, तेव्हा आधी कमानीचं नाव ठरवा. पुन्हा नळ, पुन्हा उपोषण, पुन्हा केळी. विषय तहकूब. तीन सभांत तीनदा आला, तीनदा तहकूब झाला. शेवटी गुरं आत शिरू नयेत म्हणून मी जिनिंगच्या भंगारातले लोखंडी पाइप त्या जागेत मागेपुढे गाडून घेतले. माणूस वळून आत जातो, म्हैस जात नाही.

नोटिशीचं उत्तर घेऊन मी सोनटक्के साहेबांकडे गेले. चार पानं लिहिली होती. फाटकाच्या बिजागऱ्या कमानीच्या खांबांवर येतात, म्हणून तांत्रिकदृष्ट्या फाटक कमानीतच धरणं कसं योग्य, वगैरे. साहेबांनी पहिलं पान वाचलं आणि चारही पानं मला परत दिली.

“एवढं नका लिहू,” ते म्हणाले. “चूक एका ओळीत मावते. चार पानं झाली की ती ठरवून केलेली वाटते.”

मी पानांची घडी केली. ते दुसऱ्या फाइलवर सही करत होते. मी बाहेर येऊन एकच ओळ लिहिली: ‘नजरचुकीने राहून गेले, क्षमस्व.’ माझी एका वर्षाची वेतनवाढ रोखली गेली.

आता स्वेच्छानिवृत्ती घेतलीय, कुणाचं भय नाही, म्हणून सांगते. मूळ अंदाजपत्रकात फाटक भिंतीच्याच बाबीत होतं, दुसऱ्या नंबरला. त्या शनिवारी जिनिंगवरून परत येताना, तोंडाला चिकाची चव असताना, माझ्या डोक्यात पक्कं झालं होतं की आज कमान बुडणार, त्या दोघांचे बाप तिला तरू देणार नाहीत. मग दाराला कडी घालून मी फाटक दुसऱ्या बाबीतून उचललं आणि सोळाव्यात नेऊन ठेवलं. बुडणाऱ्या नावेत बसवलं म्हणा ना. तोवर मी आयुष्यात परीक्षेत कॉपीसुद्धा केली नव्हती. भीती वाटली होतीच, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही तेवढाच झाला होता.

पुढच्या मार्चात एका दुपारी दीड वाजता मी तिथं गेले. पाइपांमधून वळून आत पाऊल टाकलं आणि थबकलेच. काळ्या फरशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत साड्या, आणि साड्यांवर कुरडया. कडुनिंबांच्या रोपांना बाया चिकाच्या वरचं निवळ पाणी घालत होत्या. बागेचा रखवालदार बशीरचाचा, ज्याचं काम दुपारी बाग बंद ठेवायचं, तो झोपाळ्यावर बसून पाखरं हाकत होता.

गयाआक्का वाटी घेऊन समोर आली. गरम चीक, वर तेल, मीठ. “लई वाऱ्याचा दिस हाय बाई,” ती म्हणाली. “साड्या नुसत्या उडत्यात. दगड ठेवावा तर धूळ लागती. ह्या बशीरभाऊनं येक झ्याक वस्तू दिली बघ.”

तिनं बोट केलं तिकडं मी पाहिलं. पहिल्याच साडीच्या कोपऱ्यावर, उन्हात चकाकत, नगराध्यक्षांचं सव्वा किलोचं पितळी कुलूप ठेवलं होतं.